हेडसेटमधून घर दाखवताना खोली खोलीएवढीच दिसावी म्हणून

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट उतरवून केस सारखे करता करता गिऱ्हाईक काय म्हणणार, हे मला आता तोंडपाठ झालंय. "छान आहे हो, पण हॉल जरा लहानच वाटतो, नाही का?" मग बिल्डर माझ्याकडे बघतो. मॉडेल आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून इंचाइंचाने बरोबर उभारलेलं असतं, एकही भिंत आत सरकलेली नसते. तरी खोली लहान दिसते, आणि समोरच्याला ती खरोखरच लहान दिसत असते. तो भाव पाडायला म्हणून बोलत नसतो. (तसं बोलणारेही असतात, पण त्यांचा सूर वेगळा.)

मी नाशिकला फ्लॅटचे वॉकथ्रू बनवते, म्हणजे अजून न बांधलेलं घर आतून फिरून बघता येईल अशी संगणकावरची मॉडेलं. इमारत जोत्याच्या वर आलेली नसते तेव्हा साइट ऑफिसात एक खुर्ची, एक हेडसेट आणि मी, असा कारभार असतो. हे लिहितेय ते याच धंद्यातल्यांसाठी: व्हिज्युअलायझर, इंटिरियरवाले, सेल्स ऑफिस सांभाळणारी मुलंमुली. कुठला हेडसेट घ्यावा हे यात सापडणार नाही. जो हातात आहे त्यातून माणसाला खोली तिच्या मापाची कशी दिसेल, एवढंच सांगते.

या "लहान वाटतंय"चा अभ्यास अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीच्या युटा विद्यापीठात वर्षानुवर्षं चालला आहे. संगणकाला जोडलेला, डोक्यावर घालायचा पडदा आयव्हन सदरलंड यांनी १९६८ साली जगापुढे मांडला आणि त्याच वर्षी ते या विद्यापीठात आले. पुढे तिथलेच संगणकशास्त्राचे विल्यम थॉम्पसन आणि मानसशास्त्राच्या सेरा क्रीम-रेगर यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला: खऱ्या जगात माणूस समोरचं अंतर चांगलं ओळखतो, मग हेडसेटमध्ये तेच अंतर आखूड का होतं? जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या रेबेका रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तोवरचे अनेकांचे प्रयोग एकत्र तपासले. सरासरी निघाली ७४ टक्के. म्हणजे पंधरा फुटांचा हॉल बघणाऱ्याला साधारण अकरा फुटांचा वाटतो. तेव्हापासून हेडसेट हलके झाले, दिसण्याची रुंदी वाढली, तूट कमी झाली. गेली मात्र नाही.

आता पहिलाच सल्ला बिल्डरला आवडतो आणि आमच्या मंडळींना आवडत नाही. या दुखण्यावर औषध म्हणून रेंडरवर, म्हणजे मॉडेलवरून काढलेल्या हुबेहूब चित्रावर, पैसे ओतू नका. थॉम्पसन आणि मंडळींनी २००४ साली लोकांना एकच जागा तीन प्रकारांनी दाखवली: खऱ्या फोटोंच्या पॅनोरामातून, साध्या कामचलाऊ ग्राफिक्समधून आणि नुसत्या रेघांच्या सांगाड्यातून. अंतर तिन्हींत आखूडच वाटलं. सोफ्याच्या कापडाचे धागे दिसले म्हणून भिंत मागे जात नाही. सुंदर रेंडर सुंदर दिसतं, त्याचे पैसे त्यासाठी जरूर घ्या.

दुसरी गोष्ट ब्रोशरची. गिऱ्हाईक ऑफिसात येतं ते ब्रोशरमधली चित्रं डोक्यात घेऊन, आणि ती चित्रं सोळा-अठरा मिलिमीटरच्या वाइड लेन्सने ताणलेली असतात. त्या हॉलमध्ये क्रिकेट खेळता येईल. त्यानंतर हेडसेटमधला खरा हॉल बिचारा मार खातो. म्हणून आधी हेडसेट, मग ब्रोशर, हा क्रम ठेवा. बिल्डर ऐकत नसेल तर निदान हेडसेट घालण्याआधी पाच मिनिटं ते चकचकीत पुस्तक हातात देऊ नका.

आधी तूट मोजा

सगळ्यात उपयोगी गोष्ट ही, आणि तीच कोणी करत नाही. तुमचा हेडसेट, तुमचं मॉडेल आणि तुमच्याकडे येणारी माणसं यांत तूट नेमकी किती आहे हे एका दुपारी मोजून होतं. पद्धत या संशोधकांचीच आहे आणि तिला लागतं काय, तर खडू, मेजर टेप आणि एक मदतनीस. माणसाला खुणेकडे नीट बघू द्यायचं, मग डोळे मिटून तिथपर्यंत चालायला सांगायचं. आंधळी कोशिंबीर खेळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

"किती फूट वाटतंय?" असं विचारून का भागत नाही? कारण फुटांचा अंदाज हा सवयीचा भाग आहे. गवंड्याला येतो, बँकेतल्या माणसाला येत नाही. पावलांना मात्र तो येतोच. उघड्या जागेत, डोळे उघडे ठेवून खूण बघितली आणि मग डोळे मिटून चाललं, तर माणसं वीस मीटरपर्यंतच्या अंतरात बऱ्यापैकी बरोबर थांबतात. म्हणून पाय हीच पट्टी.

ऑफिसात सहा-सात मीटर मोकळी, सरळ जागा करा. टेबलं भिंतीला लावा, वायर उचला. एका टोकाला उभं राहायची रेघ मारा. खुणा दोन, तीन, चार आणि पाच मीटरवर ठेवा, पण एका वेळी एकच, आणि क्रम उलटसुलट. माणूस खूण बघतो, "झालं" म्हणतो, डोळे मिटतो. मदतनीस खूण उचलतो, म्हणजे पायाला लागून कळणार नाही. मग माणूस चालतो आणि आपल्या मते पोचल्यावर थांबतो. टाचेपासून मोजा. परत आणताना डोळे मिटलेलेच ठेवा आणि जरा वळणावळणाने आणा, नाहीतर तो पावलं मोजायला लागतो. आणि एक: किती चुकलात ते शेवटपर्यंत सांगू नका. एकदा सांगितलं की पुढच्या खेपेला तो आपला अंदाज सुधारून घेतो आणि तुमचं मोजमाप वाया जातं. लोकांना हे न सांगणं फार जड जातं, विशेषतः मदतनिसाला. त्याला आधीच दटावून ठेवा.

हे आधी हेडसेटशिवाय खऱ्या जागेत करा, मग हेडसेट घालून फ्लॅटच्या मॉडेलमध्ये. हेडसेटमध्ये चालायला लागायच्या क्षणी पडदा काळा करायचा. त्यासाठी एक बटण मॉडेलमध्ये आधीच बांधून घ्या. आखलेल्या हद्दीजवळ गेलं की हेडसेट दाखवतो ती सुरक्षेची जाळी मध्येच उगवते, म्हणून तिची हद्द मोकळ्या जागेएवढी आखून ठेवा. मदतनीस हात न धरता पण हाताच्या अंतरावर चालत राहील. म्हाताऱ्या माणसांवर हा प्रयोग करू नका. ऑफिसातली, ओळखीची, वेगवेगळ्या उंचीची आठ-दहा माणसं पुरतात.

मग प्रत्येकाचं गुणोत्तर काढा. समजा खऱ्या जागेत चार मीटरच्या खुणेला माणूस ३.९० मीटरवर थांबला आणि हेडसेटमध्ये ३.३० वर, तर ३.३० भागिले ३.९०, म्हणजे सुमारे ८५ टक्के. सगळ्यांची सरासरी कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. खाली जे जे बदल सांगणार आहे ते एकेक करून बघा आणि पुन्हा मोजा. नाहीतर "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवावा लागेल, आणि बनवणाऱ्याला आपलं मॉडेल नेहमीच बरं वाटतं.

कॅमेरा कुणाच्या डोळ्यांवर आहे?

माझ्या मते सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. जमिनीवरची वस्तू किती दूर आहे हे आपण ओळखतो त्यातला एक मोठा भाग म्हणजे नजर क्षितिजापासून किती खाली झुकवावी लागते तो कोन. जवळचं बघायला मान खाली, लांबचं बघायला वर. ऊई, वू आणि हे या तीन संशोधकांनी २००१ साली 'नेचर'मध्ये हे दाखवलं: प्रिझमच्या चष्म्याने तो कोन वाढवला की लोकांना अंतर कमी वाटायला लागतं. हा कोन अंतरात बदलताना मेंदू स्वतःच्या डोळ्यांची उंची गृहीत धरतो. ती त्याला जन्मभर माहीत असते.

आता आपण काय करतो? कॅमेरा १६५ सेंटीमीटरवर ठेवून मोकळे होतो, कारण कुणीतरी कधीतरी तेच शिकवलेलं असतं. समोर येतात पाच फूट उंचीच्या काकू. उंची १५२, म्हणजे डोळे साधारण १४१ वर. कॅमेऱ्यापासून १३ फुटांवरची टीव्हीची भिंत त्यांना कागदावरच्या गणिताप्रमाणे १४१ भागिले १६५ गुणिले १३, म्हणजे सुमारे ११ फुटांवर दिसणार. आणि काकू खुर्चीत बसलेल्या असतील तर? डोळे ११५ वर. तेच गणित ९ फुटांवर येतं. मेंदू या एकाच पुराव्यावर निकाल देत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक इतका मोठा नसतो. पण दिशा तीच.

म्हणून, माणूस मॉडेलमध्ये फिरू शकत असेल तर उंची हेडसेटलाच ठरवू द्या. युनिटीत (मॉडेल हेडसेटमध्ये चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्रॅकिंगचा उगम, म्हणजे उंची कुठून मोजायची ते, 'फ्लोअर' निवडा, 'डिव्हाइस' नको. सकाळी ऑफिस उघडल्यावर हेडसेट जमिनीला टेकवून जमिनीची पातळी नव्याने लावून घ्या. ती आपोआप सरकते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तपासणी सोपी आहे: हातात धरायचा कंट्रोलर खऱ्या फरशीवर ठेवा आणि हेडसेटमधून बघा. तो फरशीत बुडालेला किंवा तरंगताना दिसला तर पातळी चुकली.

नुसते ३६० अंशांचे पॅनोरामा दाखवत असाल, मोबाइल घालायच्या डबीत किंवा साध्या हेडसेटात, तर उंची रेंडर करतानाच गोठते. तिथे दोन संच काढा: उभ्याने बघायचा १५० सेंटीमीटरवरून आणि बसून बघायचा ११५ वरून. रेंडरचा वेळ दुप्पट होतो, होऊ द्या. आणि बसवायचं की उभं करायचं हे माणूस बघून ठरवा, संच त्याप्रमाणे लावा.

याची दुसरी बाजू हुशार बिल्डरांच्या लगेच लक्षात येते. कॅमेरा मुद्दाम खाली घेतला तर खोली मोठी दिसेल ना? दिसेल. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेत मार्कुस लायरर आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. डोळ्यांची उंची खाली आणली की अंतर वाढल्यासारखं वाटतं. मी हे करून देत नाही. ताबा मिळाल्यावर माणूस पहिल्या दिवशी टेप घेऊन येतो, आणि कार्पेट एरिया करारात लिहिलेला असतो. तूट भरून काढणं वेगळं आणि उसनी लांबी दाखवणं वेगळं. भिंतीवरचा तुमचा कागद शंभर टक्क्यांच्या वर गेला तर कॅमेरा पुन्हा वर घ्या.

फरशी

नजर पायापासून सुरू होऊन जमिनीवरून पुढे सरकते आणि अंतर बांधत जाते. त्यामुळे फरशी हा मॉडेलमधला सगळ्यात महत्त्वाचा पृष्ठभाग. सोफ्यापेक्षा, फॉल्स सीलिंगपेक्षाही. आपल्याकडे दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेल्या आहेत. म्हणजे चौदा फुटांच्या हॉलमध्ये दारापासून खिडकीपर्यंत बरोबर सात टाइल दिसल्या पाहिजेत. मोजा. टेक्स्चर ताणून कुठे सहा, कुठे नऊ टाइल पडलेल्या मॉडेलांवर मी दुसऱ्यांकडून आलेलं काम म्हणून कितीतरी वेळा हात फिरवला आहे. टाइल मोठी झाली की डोळा तिला दोन फुटांचीच धरतो आणि खोली आकसते.

सांधाही सांभाळा. दोन टाइलमधला दोन मिलिमीटरचा सांधा खऱ्या घरात दिसतो, कारण निरोगी डोळा एका अंशात साधारण साठ ठिपके वेगळे ओळखतो. मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ सारखा हेडसेट एका अंशात देतो सुमारे पंचवीस. तीन मीटरवर दोन मिलिमीटरची रेघ जेमतेम एका ठिपक्याएवढी उरते, त्यापुढे ती लुकलुकते किंवा गायब होते आणि फरशीचा एक गुळगुळीत पट्टा होतो, ज्यावर नजरेला धरायला काही नाही. हेडसेटच्या मॉडेलसाठी सांधा चार मिलिमीटर करा किंवा एक छटा गडद करा. संगमरवराचं एकसंध पांढरं फ्लोअरिंग असेल तर एखादा गालिचा, पायपुसणं, दाराची चौकट अशा ओळखीच्या मापाच्या वस्तू अंतराअंतरावर टाका.

फर्निचर खऱ्या मापाचं. डबल बेड म्हणजे सहा बाय साडेसहा. ब्रोशरसाठी पाच फुटांचा करून घेतलेला बेड हेडसेटमध्ये वापरू नका. बायका क्षणात ओळखतात. ओट्याची उंची तर बोलूच नका, ती त्या हात पुढे करून मापतात.

आणि हेडसेट घातल्या घातल्या "समोर बघा, किती छान व्ह्यू आहे" असं म्हणू नका. आधी म्हणा, "पायाकडे बघा. आता फरशीवरून हळूहळू पुढे नजर न्या. आता डावीकडे, उजवीकडे." क्रीम-रेगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली खऱ्या जगातच लोकांची दृष्टीची चौकट अरुंद करून बघितली. मान फिरवू दिली तर अंतराचा अंदाज टिकला. मान फिरवायला बंदी केली तर आखूड झाला. हेडसेटची चौकट अरुंद आहे, तर मान फिरवून ती भरून काढायची, इतकं सरळ आहे. मात्र त्यांच्याच गटाने नुसता वजनदार पोकळ सांगाडा डोक्यावर चढवून खरं जग बघायला लावलं, तेव्हाही अंदाज काहीसा आखूड झाला. म्हणून पट्टे नीट बांधा. वजन नाकावर नाही, कवटीच्या मागच्या उंचवट्यावर आलं पाहिजे. अंबाडा असेल तर पट्टा त्याच्या खालून घ्या. गजरा काढायला सांगायची हिंमत असेल तर सांगा. टिकली स्पंजला चिकटून दुसऱ्या बाईच्या कपाळावर जाते, ती आधी काढून आरशाला लावून ठेवायला सांगा.

ऑफिसातून दार उघडा

ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडते. मिनेसोटा विद्यापीठातल्या व्हिक्टोरिया इंटरँटे यांनी २००६ साली लोक ज्या खोलीत उभे होते तीच खोली हुबेहूब हेडसेटमध्ये उभारली, आणि अंतराची तूट जवळजवळ दिसेनाशी झाली. पुढच्या प्रयोगात त्याच खोलीच्या भिंती गुपचूप थोड्या सरकवल्या, तर तूट परत आली. म्हणजे जिथे उभे आहोत त्यावर विश्वास बसला की मापही बसतं. पुढे स्टाइनिके आणि इतरांनी त्यावरून केलं ते असं: आधी तीच ओळखीची खोली दाखवायची आणि तिथून एका दारातून परक्या जागेत न्यायचं. अंदाज सुधारले.

आपल्याला हे सहज जमतं. साइट ऑफिस म्हणजे काय, चार भिंती, एक टेबल, कूलर आणि भिंतीवर गणपती. एका दिवसात मॉडेल होतं. माप अचूक घ्या, टेबल जिथे आहे तिथेच ठेवा. गिऱ्हाईक हेडसेट घालतं आणि त्याला तेच ऑफिस दिसतं. त्याला खऱ्या टेबलाला हात लावायला सांगा. हात आणि चित्र जुळलं की चेहऱ्यावर हसू येतंच. मग भिंतीत एक दार उघडतं, पलीकडे फ्लॅटचा हॉल. टेबल सरकलं की मॉडेलही बदला, नाहीतर खेळ उलटा पडतो आणि गुडघा फुटतो तो वेगळाच.

आत गेल्यावर लगेच माहिती सांगायला लागू नका. पाच मिनिटं नुसतं फिरू द्या, स्वतःच्या पायांनी, जागा असेल तेवढं. रिचर्डसन आणि वॉलर यांच्या प्रयोगांत मॉडेलमध्ये थोडा वेळ चालल्यावर लोकांचे अंदाज सुधारले होते. सेल्सच्या पोरांना शांत बसवणं हेच खरं अवघड काम.

चष्मा आणि बाहुल्या

दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे चष्मेवाल्याच्या भाषेत पीडी. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर, पण ५४ पासून ७४ पर्यंत माणसं सापडतात. हेडसेटची भिंगं याच्याशी जुळली नाहीत तर चित्र कडेला धूसर होतं, डोळे ओढतात, डोकं चढतं. हेडसेटने बायकांना मळमळ जास्त होते असं फार काळ सांगितलं जायचं. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की त्यामागचं मोठं कारण हेच होतं: भिंगं त्यांच्या डोळ्यांना बसतच नव्हती. क्वेस्ट २ ला तीनच खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८. ६१ पर्यंत पहिली, ६१ ते ६६ दुसरी, त्यापुढे तिसरी. क्वेस्ट ३ ला चाक असतं.

पीडी मोजायला मिलिमीटरची पट्टी पुरते. हातभर अंतरावर समोरासमोर, डोळे एका पातळीत. तुमचा उजवा डोळा मिटा, त्यांना तुमच्या डाव्या डोळ्यात बघायला सांगा, आणि पट्टीचं शून्य त्यांच्या उजव्या बाहुलीच्या मधोमध धरा. पट्टी न हलवता आता तुमचा डावा मिटा, उजवा उघडा, त्यांना त्यात बघायला सांगा, आणि त्यांच्या डाव्या बाहुलीवर आकडा वाचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि माणसाला वाटतं की इथे आपली नीट विचारपूस होतेय.

चष्म्याबद्दल उलटा समज पक्का रुजलेला आहे. पडदा डोळ्यांपासून बोटभर अंतरावर, म्हणून काका जवळचा चष्मा शोधायला लागतात. नको. भिंगांमुळे ते चित्र डोळ्याला दीड मीटरच्या आतबाहेर दिसतं. ऑक्युलसच्या (क्वेस्टचं हे जुनं नाव) हेडसेटांत साधारण १.३ मीटर, मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये दोन. म्हणून लांबचा चष्मा घालायचा. पाऊण नंबर मायनस असलेला माणूस चष्म्याशिवायही चालवून नेईल, दोन नंबरवाला नाही. गंमत अशी की पासष्टीच्या आजोबांना हेडसेटमध्ये हातात धरलेला कागद जवळच्या चष्म्याविना स्वच्छ वाचता येतो, कारण तो कागद कितीही जवळ दिसला तरी प्रकाश येतो त्याच एका ठरलेल्या अंतरावरून.

तरुण डोळ्यांना मात्र हीच गोष्ट छळते. वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात आणि सवयीने स्वतःचं, डोळ्यांतलं भिंगही जवळच्यावर रोखतात. हेडसेट म्हणतो, वळा जवळच्याकडे, पण रोखा १.३ मीटरवर. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या अंतरांवर चित्र रोखू शकणारा पडदा बांधला आणि २००८ साली छापलं: वळणं आणि रोखणं जुळलं की लोक पुढचं काय, मागचं काय हे पटकन ओळखतात आणि कमी दमतात; फारकत झाली की उलट.

आपल्या कामासाठी याचं गणित डायॉप्टरमध्ये करा, म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर. पडदा १.३ मीटर, म्हणजे ०.७७. अर्धा डायॉप्टर इकडे-तिकडे ही कामचलाऊ मर्यादा धरली तर जवळची हद्द येते सुमारे ८० सेंटीमीटर आणि लांबची ३.७ मीटर. ऑक्युलसच्या जुन्या सूचनांतही ०.७५ ते ३.५ मीटर असंच लिहिलेलं होतं. म्हणून खोलीच्या मापांच्या पाट्या, मेनू, टाइलचे नमुने, जे काही माणूस टक लावून बघणार, ते दीड-दोन मीटरवर. मनगटाला चिकटवलेला मेनू दिसायला झकास, पण ४० सेंटीमीटरवर तो अडीच डायॉप्टर होतो. दोन सेकंद चालेल, रंग निवडायला दहा मिनिटं नाही. अक्षर मी एका अंशाचं धरते, म्हणजे दोन मीटरवर साडेतीन सेंटीमीटर उंच. इंग्रजी कॅपिटल त्याहून लहानही वाचता येतं, पण "क्षेत्रफळ" लिहा आणि बघा, क्ष आणि त्रचं काय होतं ते.

हालचाल

थोडक्यात सांगते, कारण हे बहुतेकांना माहीत आहे आणि तरी बिल्डरला ड्रोनसारखी उडती सैर हवी असते. कॅमेरा कधीही स्वतःहून हलवू नका. डोळे सांगतात चाललो, कान सांगतात बसलोय, आणि पोट निकाल देतं. एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी, मध्ये क्षणभर काळोख. वळायचं तर स्वतःच्या मानेने, किंवा तीस अंशांच्या टप्प्याने. चित्र सेकंदाला नव्वददा बदलायचं तर प्रत्येक चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात होत नसेल तर सावल्या कमी करा, झाडं कमी करा. चौदाव्या मजल्याची बाल्कनी शेवटी दाखवा, कठड्याला खरं काहीतरी धरायला द्या, आणि विचारून मगच.

लहान मुलं हट्ट करतात. त्यांची पीडी बहुतेक हेडसेटांच्या हद्दीबाहेर असते, त्यांना टीव्हीवर दाखवा.

कुणी मध्येच गप्प झालं, जांभया द्यायला लागलं किंवा कपाळावर घाम आला, तर वाक्य अर्धवट सोडून हेडसेट काढा, खिडकीजवळ बसवा, लांबचं झाड बघायला सांगा. आणि तो माणूस स्कूटरवर आलेला असेल तर चहा पाजून अर्धा तास तरी किल्लीला हात लावू देऊ नका. कागदपत्रांच्या गप्पा तेवढ्यात होऊन जातात.